गोणपाटावर बसलेली मुलगी

पाय दुखतो म्हणून आलेल्या मुलीला मी पाळीबद्दल विचारायचे, तेव्हा सोबत आलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आई असेल तर ती उगाच पदर सावरायची. वडील असतील तर त्यांना बाहेर लावलेल्या स्कूटरची आठवण व्हायची. एका मुलीच्या मामांनी तर मला सरळ सुनावलं होतं, "बाई, दुखणं गुडघ्याच्या खाली आहे. तुम्ही फारच वर चाललात."

मी फिजिओथेरपिस्ट. नव्वदच्या दशकात कन्नड मुलखातल्या आमच्या यशवंतपुरात हा शब्द धड उच्चारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. कोणी मला मालिशवाली समजायचं, कोणी शॉक देणारी. आमच्या ओळखीतल्या बायका 'शेक देणारी अक्का' म्हणायच्या, आणि त्यातल्या त्यात तेच खरं होतं. मी डॉक्टर नाही हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, आणि येणारा प्रत्येक जण "सरी, डॉक्टर", म्हणजे 'बरं, डॉक्टर', म्हणून मान डोलवायचा. हाडाचे डॉक्टर मोडलेलं जोडतात, जोडलेलं पुन्हा चालतं करायचं काम आमचं. त्यासाठी माझ्याकडे शेक देणारं एक विजेचं यंत्र होतं, मेण वितळवायचं भांडं होतं, वाळूच्या पिशव्या होत्या, आणि लोकांकडून कंटाळवाणे व्यायाम करून घ्यायची चिकाटी होती. यंत्राला लोक मान द्यायचे. व्यायामाचं नाव काढलं की तोंडं वाकडी व्हायची.

घाऊक बाजार जवळ होता. त्यामुळे कमरेत उसण भरलेले हमाल, मान आखडलेले लॉरी ड्रायव्हर आणि गादीवर बसून बसून गुडघे धरलेले व्यापारी ही माझी रोजची गिऱ्हाइकं. बटाट्याचे एक मोठे व्यापारी यायचे. त्यांना मी मांडीचे व्यायाम शिकवले, तर दुसऱ्या दिवशी ते आपल्या म्हाताऱ्या मुनीमजींना बरोबर घेऊन आले. मला वाटलं, आधाराला आणले असतील. शेठजी शेक घेत आरामात पडले आणि मुनीमजी शेजारच्या खाटेवर पाय वर-खाली करायला लागले. "मला कुठला वेळ, अक्का," शेठजी म्हणाले, "दुकानाचं, बँकेचं सगळं हेच बघतात. हेही बघतील." मुनीमजींचे गुडघे पुढे फार सुधारले.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर माझ्यासमोर आली ती रेणुका. तिची गोष्ट तेव्हा कोणाला सांगता येण्यासारखी नव्हती. आता येते. तिनंच परवानगी दिली आहे, फक्त नाव बदला म्हणाली.

आमची घरं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेल्यांची. फौज परत गेली, आम्ही राहिलो. घरात मराठी बोलतो, राग आला की कन्नडमध्ये भांडतो, आणि पुण्याहून आलेला कोणी आमचं मराठी ऐकून हसला की दोन्ही भाषांत त्याचा उद्धार करतो. रेणुकाचं घरही असंच. बाजाराच्या मागच्या गल्लीत वडिलांचं गोणपाटाचं दुकान होतं. जुनी पोती घ्यायची, ठिगळं लावून शिवायची, परत विकायची. दुकानाच्या मागेच घर. घरात आई, वडील, रेणुका आणि वडिलांची थोरली विधवा बहीण. तिला अख्खी गल्ली अक्कात्या म्हणायची. त्या घरात अक्कात्यांना विचारल्याशिवाय पान हलत नसे.

रेणुका धावायची, तेही लांब पल्ल्याचं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत जागा निघणार होत्या आणि त्यासाठीची निवड चाचणी काही महिन्यांवर आली होती. पोरीच्या जातीनं चड्डी घालून पळणं अक्कात्यांना मुळीच पसंत नव्हतं. पण सरकारी नोकरी हा शब्द त्यांनाही गप्प करू शकत होता. तेवढ्या एका शब्दावर रेणुकाचं धावणं चाललेलं होतं.

ती लंगडत आली, बरोबर आई. आईला आम्ही सगळे शांतावैनी म्हणायचो. मी नडगीवरून अंगठा दाबत दाबत खाली नेला. धावणाऱ्या बहुतेक मुलींची नडगी सगळीकडे थोडी थोडी दुखते, ते दुखणं विश्रांतीनं जातं. हिचं तसं नव्हतं. एका जागी अंगठा आला आणि तिनं पाय झटकन ओढून घेतला. त्याच पायावर एक उडी मार म्हटलं तर तिनं ओठ दाताखाली धरला. कपाला केसासारखी चीर जाते, कप फुटत नाही, पण चहा ओतायचा धीर होत नाही, तसं हे दुखणं. पळताना हाडाला बारीक इजा होतच असते, आणि शरीर ती विश्रांतीच्या वेळात भरून काढत असतं. भरून काढण्यापेक्षा इजा जास्त झाली की हाड बोलायला लागतं.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "पाळी वेळच्या वेळी येते का गं?"

रेणुकानं उत्तर द्यायच्या आत शांतावैनी म्हणाल्या, "येते की. दर महिन्याला होरगे बसते. मीच तर ताट सरकवते."

होरगे म्हणजे बाहेर. तीन दिवस बाहेर बसायची रीत त्या घरात अजून कडक होती. मागच्या अंगाला पोत्यांच्या थप्प्यांशेजारी एक खोली होती, तिथं गोणपाट अंथरून बसायचं, कोणाला शिवायचं नाही, जेवणाचं ताट उंबऱ्यापासून आत सरकवलं जायचं. त्यामुळे आई 'बसते' म्हणते म्हणजे प्रश्नच मिटला. अशा घरात पाळी ही लपवता येण्यासारखी गोष्टच नव्हती, असं मला वाटत होतं.

हा प्रश्न मी का विचारायचे, तेही सांगते. ही अक्कल माझी नव्हे. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या हाडांच्या डॉक्टरांच्या हाताखाली होते, त्यांनी शिकवलं होतं की धावणाऱ्या मुलीच्या हाडाला चीर पडली, तर ती काय खाते आणि तिला पाळी येते का, हे विचारल्याशिवाय तिला घरी पाठवायचं नाही. मुलगी खूप पळते आणि त्या मानानं फार कमी खाते, तेव्हा शरीराला सगळीकडे पुरवणं जमत नाही. ज्याच्यावाचून आजचा दिवस निघू शकतो, ते काम शरीर आधी बंद करतं. पाळी थांबते. पाळीबरोबर हाडांना बळ देणारं जे द्रव्य अंगात तयार होतं, तेही आटतं, आणि विशीतल्या मुलीची हाडं पन्नाशीच्या बाईसारखी व्हायला लागतात. दोष पळण्याचा नसतो. पळण्याला पुरेल इतकं न खाण्याचा असतो. कित्येक मुलींना उलट नियमित व्यायामानं पाळीतलं दुखणं कमी झालेलं मी पाहिलं आहे.

रेणुकाच्या पायाचा फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. सुरुवातीला ते तसंच असतं. धावणं बंद करून ती रोज माझ्याकडे यायला लागली. काय खातेस विचारलं की "भरपूर" म्हणायची. पण एक गोष्ट मला खटकत होती. आपला नंबर आला नसला की ती मेणाच्या गरम भांड्याशी जाऊन उभी राहायची आणि दोन्ही हात वाफेवर धरायची. बाहेर ऊन असायचं, हमाल घाम पुसत बसलेले असायचे, आणि या पोरीचे हात गार.

मध्येच तिच्या येण्यात खंड पडला. बसली आहे, असा निरोप आला. चौथ्या दिवशी आली, तेव्हा पाय बराच निवलेला होता. तीन दिवस घरातल्या घरातही हिंडणं नाही म्हटल्यावर निवणारच. मी सहज थट्टेनं म्हटलं, "तू आता महिनाभर बाहेरच बस बघ. माझी गरजच पडायची नाही."

ती हसली. हसता हसता तिचा चेहरा बदलला आणि ती रडायलाच लागली. मी पडदा ओढून घेतला.

"अक्का, मी खोटंच बसते," ती म्हणाली.

गेल्या वर्षीच्या गौरीनंतर तिला पाळी आलीच नव्हती. ग्राउंडवर याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. उलट बाकीच्या मुली म्हणायच्या, सुटलीस, नशीबवान आहेस. पहिल्या महिन्यात घरातही कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या महिन्यात मात्र जेवताना सगळ्यांसमोर अक्कात्यांनी विचारलं, "ही कधी बसली होती गं शेवटची?" त्या रात्री रेणुकाची पाचावर धारण बसली, आणि सकाळी उठून ती मागच्या खोलीत गोणपाट अंथरून बसली. तेव्हापासून ती दर महिन्याला बसत होती. कोरी कापडं पाण्यात बुचकळून, पिळून, पोत्यांच्या थप्पीमागे वाळत घालत होती. त्या तीन दिवसांत पळणं चुकायचं, म्हणून चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दुप्पट पळायची. अंग जड होऊ नये म्हणून भात तर तिनं केव्हाच सोडला होता.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "अक्कात्यांना कळलं तर पळून पळून पोरीचं वाटोळं झालं म्हणतील. उद्याच्या उद्या स्थळं बघायला लागतील. माझी ट्रायल आहे हो अक्का."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. अक्कात्यांना मी ओळखत होते. आणि न सांगावं, तर ते हाड भरणार कसं? त्याला विश्रांती हवी, अन्न हवं, आणि दुसरं काही दुखणं नाही ना, हे एखाद्या बायकांच्या डॉक्टरनं बघायला हवं. मुलगी सज्ञान होती, तिनं विश्वासानं सांगितलेलं माझ्याच पोटात राहायला हवं होतं. आमच्या धंद्यात वजनं उचलायला शिकवतात, पण असलं वजन कुठं ठेवायचं, ते कोणी शिकवत नाही.

तिची परवानगी घेऊन आधी मी तिच्या कोचना गाठलं. ते फौजेतून निवृत्त झालेले कन्नड गृहस्थ होते. आवाज मैदानभर ऐकू जायचा. मी विषय काढल्याबरोबर तो आवाज कुठल्या कुठे गेला.

"ते… लेडीज मॅटर," ते माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत म्हणाले. "मॅडम, आमच्याकडे ते थांबलं की आम्ही समजतो मुलगी फिट झाली. ट्रेनिंग लागू पडलं."

"सर, लॉरीचा ऑइलचा दिवा बंद पडला म्हणजे ऑइल आहेच असं समजून तुम्ही मुंबईपर्यंत न्याल का?"

पंख्यावरून नजर काढून ते म्हणाले, "पंचवीस वर्षं मी पोरांना पळवलं, मॅडम. मुली आता आता यायला लागल्या. हे मला कोणी सांगितलंच नाही. मी तरी कोणाला विचारणार होतो?"

मी भांडायच्या तयारीनं गेले होते, तो राग तिथंच विरला. खरंच, ते बिचारे कोणाला विचारणार होते? त्यांनी तिला पळण्याऐवजी सायकल दिली. 'लाइट राहा, लाइट राहा' हा त्यांचा मैदानावरचा घोषही त्यानंतर बंद झाला, असं मला दुसऱ्याच एका मुलीनं सांगितलं.

आठवड्यातून दोन संध्याकाळी मी इंदिरानगरला एका व्यायामशाळेत जायचे. तिथं कॅसेट लावून बायकांचे एरोबिक्सचे वर्ग चालत, आणि कोणाचं काही लचकलं तर बघायला मी. तो भाग म्हणजे यशवंतपूरच्या मानानं वेगळाच देश. पुण्याहून नोकरीसाठी आलेली एक मुलगी तिथं सकाळी पळायची, संध्याकाळी उड्या मारायची, आणि दिवसभर काकड्या खायची. ती मला सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली होती, "मॅम, ॲक्च्युअली चार महिने पिरियड्सच नाहीत. इतकं कन्व्हीनियंट आहे ना!" एक सांगायला घाबरत होती, दुसरी मिरवत होती. दोघींचीही उपासमारच चालली होती.

तिथंच माझी एक मैत्रीण बायकांची डॉक्टर होती. यशवंतपूरचं कोणी तिथं दिसायची शक्यता नाही, म्हणून मी रेणुकाला बसनं तिच्याकडे नेलं. तिनं तपासलं, रक्त तपासून घेतलं. दुसरं काही नव्हतं. खाणं वाढव, धावणं बंदच ठेव, पाळी परत येईल, वेळ लागेल, असं तिनं सांगितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे सगळं ठीक आहे. पण जेवण तुझ्या दवाखान्यात होत नाही. घरात कोणाला तरी माहीत असायला पाहिजे."

मी रेणुकाला परोपरीनं सांगून बघितलं. ती ऐकेना. आईला सांगायचं म्हटलं की तिचे डोळे भरायचे.

आणि एका दुपारी शांतावैनी एकट्याच आल्या. खांदा दुखतोय म्हणाल्या. मी त्यांना झोपवलं, शेक लावला. खांद्याला काही झालेलं नव्हतं, ते हात लावताच मला कळलं होतं. त्या छताकडे बघत पडून राहिल्या आणि तशाच बघत म्हणाल्या, "अक्का, ती खोटं बसते. तुम्हाला ठाऊक असेल."

मी यंत्राची खुंटी उगाच फिरवली. माझी जीभ बांधलेली होती.

"नका सांगू. मला माहीत आहे. पहिल्यांदा खोटं बसली तेव्हापासून माहीत आहे. वापरून धुतलेलं कापड कुठलं आणि नुसतं भिजवलेलं कुठलं, हे आईला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत तिच्याशी?"

"काय बोलू? बोलले असते तर भिंतीपलीकडे अक्कात्या. आधी मला वाटलं, काही भलतंच तर नाही? महिने गेले, तसं काही दिसेना. मग वाटलं, आत काही बिघडलं असेल. देवीला रोज सांगत होते. आणि खरं सांगू? बसली की तीन दिवस तरी पोरगी एका जागी असायची. गोणपाटावर अंगाचं मुटकुळं करून झोपायची. एरवी तिला मी झोपलेली बघतच नव्हते. म्हटलं, बसू दे. खोटं तर खोटं."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तुम्ही विचारलंत आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती इतकी भ्यालेली होती की बोलूनच गेले. तिनं खोटं बोलायच्या आधी आपणच बोलावं असं झालं मला."

मी यंत्र बंद केलं. खरं म्हणजे मला रडायला येत होतं, आणि रुग्णासमोर रडायचं नाही ही माझी रीत होती. एकाच घरात दोघीजणी, एकमेकींना जपायला म्हणून एकच खोटं महिनोन्महिने सांभाळत होत्या. एक गोणपाटावर आत बसून, एक उंबऱ्याबाहेरून ताट सरकवत.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींना मी पडद्यामागे समोरासमोर बसवलं आणि स्वतः बाहेर येऊन हमालांच्या पाठी शेकत राहिले. आतून आधी दोघींचं रडणं आलं, आणि थोड्या वेळानं चक्क हसणं. कापडं भिजवायच्या वेळी रेणुका एकदा नीळ घालून बसली होती, त्यावरून म्हणे.

पुढचे महिने मात्र हसण्यासारखे नव्हते. ती निवड चाचणी रेणुकाला सोडावी लागली. तो दिवस तिनं माझ्या दवाखान्यात वाळूची पिशवी पायाला बांधून घालवला आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आजही त्याचं मला वाईट वाटतं. हाड वाचलं म्हणून त्या मुलीचं त्या दिवसाचं दुःख कमी होत नव्हतं. नंतर वजन वाढायला लागलं, तेव्हा ती अक्षरशः कावली. "ब्लाउज घट्ट होतायत अक्का, मी अशी पळणार कशी?" तुझ्यापेक्षा तुझं हाड शहाणं आहे, असं मी म्हटल्यावर तिनं आठवडाभर तोंड दाखवलं नाही. शांतावैनींनीच तिला परत आणली.

घरात त्या दोघींनी काय केलं, ते ऐकून मी थक्क झाले. अक्कात्यांना काही सांगायचं नव्हतं, तेव्हा बाहेर बसणं तसंच चालू ठेवलं. बाहेर बसलेल्या बाईच्या ताटात कोणी डोकावत नाही, हे वैनींनी बरोबर हेरलं होतं. त्या ताटात भाकरीखाली अंडी गेली, भाताच्या ढिगात तूप गेलं, डिंकाचे लाडू गेले, रविवारच्या मटणातले चांगले तुकडे आधी तिकडे गेले. "आमचे हे विचारत होते, हल्ली मटणात हाडंच फार येतात," वैनी मला सांगून हसत होत्या. उरलेल्या दिवसांत रेणुका चारचौघांत पानावर बसून हळूहळू भात खायला शिकली. हो, शिकली असंच म्हणायला पाहिजे.

हाडाचा पुढचा फोटो काढला, तेव्हा चिरेच्या जागी हाड भरून आल्याची जाडसर पांढरी रेघ दिसली. मग चालणं, मग थोडं चालणं-थोडं पळणं. कोच मैदानाच्या कडेला उभे राहून, "स्वल्प, स्वल्प! निधान!" असं ओरडायचे. ज्या माणसानं आयुष्यभर 'जोरात' एवढंच म्हटलं, त्याच्या तोंडी 'हळू' ऐकून मैदानावरचे लोक वळून बघायचे.

लोक मला विचारतात, ती पुढे नोकरीला लागली का? लागली. पुढच्या खेपेच्या चाचणीत तिचा पहिला नंबर आला नाही, पण निवड झाली. लग्न तिनं स्वतःच्या मर्जीनं आणि बऱ्याच उशिरा केलं, मुलगी आहे. त्या काळात माझ्याकडे आलेल्या सगळ्याच मुलींचं असं झालं नाही. काहींनी पाय बरा झाल्यावर परत तसंच उपाशी पळायला घेतलं, काहींना घरच्यांनी घरी बसवलं. त्यांची आठवण येते. पण रेणुका म्हटलं की मला निवडीची बातमी आठवत नाही. त्याच्या पुष्कळ आधीची एक सकाळ आठवते.

दवाखाना नुकताच उघडला होता. बटाट्याचे शेठजी शेक घेत होते, मुनीमजी शेजारी पाय हलवत होते. शांतावैनी जवळजवळ धावतच आत आल्या. चपला काढायचंही भान नव्हतं.

"अक्का, बसली!" त्या दारातूनच ओरडल्या. "खरी बसली!"

शेठजी दचकून उठून बसले. मी वैनींना पडद्यामागे ओढलं. त्यांना धाप लागली होती, हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पहाटे मला उठवलं तिनं. म्हणाली, आई, आलं बघ. मी आधी देवीसमोर दिवा लावला. मागं जाऊन बघते तर ही गोणपाट अंथरून त्यावर बसलेली. सवयच ना. बूट काढून कोपऱ्यात ठेवलेले. आणि आज कोच सर घड्याळ लावून पळवणार होते तिला, किती महिन्यांनी पहिल्यांदा. कालपासून नाचत होती."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, दुखतंय का? नाही म्हणाली. चक्कर वगैरे? नाही. मग ऊठ म्हटलं. ती गोणपाट सोडेना. म्हणून हाताला धरून उठवलं."

"शिवलात तिला?"

"शिवले. बुटाची नाडी पण मीच बांधली."

"आणि अक्कात्या?"

"तिथंच उभ्या होत्या की, तुळशीला पाणी घालायला आलेल्या. म्हणाल्या, 'अगं, बसायची आहे ना ही?'" वैनींनी पदरानं डोळे पुसले. त्यांचा आवाज इतका ठाम मी कधी ऐकला नव्हता. "मी म्हटलं, वर्षभर बसली आहे ती. आता पुरे."

"काय म्हणाल्या त्या?"

"काय म्हणणार? तांब्या हातात तसाच. मी त्यांच्या अंगावरूनच पोरीला दारापर्यंत नेलं, ग्राउंडकडे पाठवलं, आणि इकडे पळत आले." मग एकदम काही आठवल्यासारखं त्या उठल्या. मी चहा सांगत होते, तोही नको म्हणाल्या.

"जाते. पळून आली असेल आता," दारातून उतरता उतरता त्या म्हणाल्या. "भूक लागली असेल तिला. हल्ली आल्या आल्या खायला मागते."